सात बेचाळीसची हजेरी

खडकी बाजारापासून डेपोच्या गेटपर्यंत
अण्णांची सायकल बावीस वर्षं आपली आपण जायची.
आत काय चालतं ते आम्हाला माहीत नव्हतं,
आईलाही नाही.
डब्याला ग्रीसचा वास यायचा, एवढीच बातमी.
"आज काय केलं?" विचारलं तर म्हणायचे,
"पेट्या."
कसल्या पेट्या?
ते भाकरी मोडायचे.

त्या मंगळवारी प्रेसखाली
उजव्या हाताची तर्जनी अख्खी गेली,
मधल्या बोटाची दोन पेरं.
मुदलियार फोरमननं स्वतःचा रुमाल बांधला
आणि रुमालासकट रिक्षात बसवलं.
लष्कराचं हॉस्पिटल हाकेवर आहे,
पण अण्णा सिव्हिलियन, त्यातून ठेकेदाराचे.
रिक्षा ससूनला गेली.
संगम पुलाचा सिग्नल लाल होता,
हे त्यांना अजून आठवतं.

कायद्यात एक तक्ता आहे.
तांबोळी वकीलबाईंनी टेबलावर उघडून दाखवला.
तर्जनी पूर्ण, चौदा टक्के.
मधलं बोट, दोन पेरं, नऊ.
अण्णा म्हणाले, "तेवीस.
मग बाकीचा सत्त्याहत्तर टक्के
उद्यापासून कामावर येऊ का, तेवढं विचारा."
बाई हसल्या नाहीत.
त्यांनी ते लिहून घेतलं.

ठेकेदाराचं उत्तर एका पानाचं:
सदर इसम त्या दिवशी कामावर हजर नव्हता.
डेपोचं त्याहून लहान:
सदर इसम आमचा नाही.

शिवाजीनगरला, पंखा कुरकुरणाऱ्या खोलीत,
साहेबांनी विचारलं, नेमकं काय काम करत होता?
अण्णा गप्प.
बोला ना, पेटीत काय होतं?
"आत शिरताना सही केलीय, साहेब. सांगता येत नाही."
मागच्या बाकावर मी दात ओठ खात बसले.
अहो, त्यांनी तुम्हाला साधी ओळख दिली नाही
आणि तुम्ही अजून त्यांचं गुपित राखताय!

फोटो?
मोबाइल गेटवरच्या लाकडी खणात जमा असतो.
साक्षीदार?
मुदलियारांच्या पेन्शनला चार महिने उरलेत.
मी दारात गेले तेव्हा ते कढीपत्त्याला पाणी घालत होते.
घालतच राहिले,
कुंडी भरून पायरीवर ओघळ आला.
निघताना एवढंच म्हणाले,
"तो रुमाल परत नको म्हणावं."

"आता कुणाकडे बोट दाखवायचं?"
आई एकदा सहज बोलून गेली
आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.
अण्णाच मोठ्यानं हसले.
त्या वर्षात तेवढंच.

मग एका संध्याकाळी वकीलबाई, फाइल बांधता बांधता:
गेटवर हजेरी कशी लावता?
मशीन आहे. बोट ठेवायचं.
कुठलं?

अण्णांनी हात वर केला
आणि जिथं काही नव्हतं तिकडं पाहिलं.

ते एक पान बाहेर यायला अकरा तारखा लागल्या.
आधी गोपनीय होतं,
मग सर्व्हर बदलला होता,
मग बदलणारा माणूस बदलला होता.
आईनं अकराही वेळा तीच हिरवी साडी नेसली,
मला वाटतं, साहेबांनी ओळखावं म्हणून.

पान आलं. अस्पष्ट, कडेला शाई फुटलेली.
सतराव्या ओळीत
ओव्हाळ दगडू तुकाराम,
उजवी तर्जनी, सात बेचाळीस.
बाहेर पडल्याची वेळ: रिकामी.

ठेकेदाराच्या वकिलानं चष्मा पुसला.
पुन्हा पुसला.

निकाल पुढच्या महिन्यात आहे म्हणतात.
पानाची झेरॉक्स आम्ही घरी आणली,
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.
रात्री अण्णांनी ती काढली, दिव्याखाली धरली,
उजव्या अंगठ्यानं सतराव्या ओळीवरून
एकदा हलकेच फिरवलं.

मशीनच्या लेखी ते बोट अजून आतच आहे.

"वेळेत पोचलं होतं," अण्णा म्हणाले.
"आठच्या आत."